पावलोजीची चारशे पावलं

पावलोजी हे नाव त्याला डंपरवाल्यांनी दिलं आणि ते असं चिकटलं, की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून प्रत्येक नवा कारकून विचारायचा, "हा कोण?" मग कुणीतरी सांगायचं, "अहो, आपला पावलोजी. सुरुंगवाला."

दगडखाणीत सुरुंग उडवायचं काम त्याने सव्वीस वर्षं केलं होतं. कड्याला ड्रिलने भोकं पाडायची, भोकांत दारू आणि डिटोनेटर उतरवायचे, वरून माती ठासायची, तारा जोडायच्या आणि लांब जाऊन खटका दाबायचा. सांगायला चार ओळींचं काम. पण त्यातली मेख वेगळीच असते. कडा कोसळतो तो तिथल्या तिथे कोसळतो, मात्र हजारात एखादा दगड माथेफिरू निघतो आणि कुणाच्या बापाला न जुमानता उडत सुटतो. तो कुठवर जाईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चारी दिशांना लाल निशाणं लावतात आणि झाडून सगळी माणसं निशाणापलीकडे नेऊन बसवतात.

ही निशाणं कुठे लावायची, ते पावलोजी पायाने ठरवायचा. कडेच्या भोकापासून चारशे पावलं, ना एक कमी ना एक जास्त. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे चारशेचे झाले तीनशे मीटर. तरुणपणी त्याच्या उस्तादाने त्याला खाणीच्या रस्त्यावर वीस वेळा चालवून हे पाऊल पक्कं करून घेतलं होतं. उस्ताद म्हणायचा, "टेप घरी राहतो, दोरी भिजली की आटते. पाय मात्र ज्याचा त्याच्याजवळ असतो." खाणीच्या कचेरीत लांब टेप होता, पण पावलोजीने त्याला कधी हात लावला नाही. टेप घेऊन मोजणं म्हणजे त्याला स्वतःच्या मुलीचं नाव चिठ्ठीवर लिहून वाचण्यासारखं वाटायचं.

आणि कुणी पाहुणा, कुणी तपासणीसाहेब आला आणि सहज विचारलं, "किती वर्षं झाली हो तुम्हाला?" की पावलोजीचं उत्तर ठरलेलं. "सव्वीस. आणि आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही." हे दुसरं वाक्य कुणी विचारलेलं नसायचं, पण तेच सांगण्यासाठी तो पहिलं सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी कड्यावरून उतरताना तो घसरला आणि उजव्या गुडघ्यावर पडला. सहा आठवडे घरी होता. मग गुडघा बरा झाला, असं त्यानेच जाहीर केलं. लंगडत तर नव्हताच. फक्त बायको एकदा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, "अहो, हल्ली घरी यायला तुम्हाला दहा मिनिटं जास्त लागतात." त्यावर तो म्हणाला होता, "रस्त्यात माणसं भेटतात." बायकोने पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिला कळलं होतं, की या माणसाला दारूची वात चालते, प्रश्नांची नाही.

पुढच्या महिन्यात त्याचा परवाना नव्याने व्हायचा होता. डॉक्टरचा कागद लागणार होता: डोळे, कान, हातपाय. मुकादमाने आडून आडून विचारलंही होतं, "सगळं ठीक आहे ना पावलोजी? नाहीतर आपला धाकटा सुरुंगवाला तयार आहे हो." पावलोजी हसला होता, पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. परवाना गेला असता तरी खाणीत दुसरं काम मिळालं असतं, उपाशी कुणी मेलं नसतं. पण सुरुंग काढून घेतला तर उरलेल्या पावलोजीचं करायचं काय, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

अशा दिवसांत एका संध्याकाळी मुलीने भौतिकशास्त्राची वही काढली. मुलगी अकरावीत. बापाचं शिक्षण आठवीपाशी थांबलेलं, पण ती अभ्यासाला बसली की हा चहाचा कप घेऊन शेजारी बसणार, हा घरचा नेम. तिलाही ते आवडायचं. बापाला समजावून सांगितलं की आपल्यालाही समजतं, असं तिचं म्हणणं होतं.

"आज काय?" त्याने विचारलं.

"दगड फेकायचेत, बाबा."

"मग बरोबर माणसाकडे आलीस."

"पण वेगवेगळ्या ग्रहांवर. सरांनी सांगितलंय, दगड तोच, जोर तोच, फक्त गुरुत्व बदलायचं. पृथ्वीवर नऊ पॉइंट आठ, चंद्रावर त्याचा सहावा हिस्सा, मंगळावर तीन पॉइंट सात, गुरूवर जवळजवळ पंचवीस. प्रत्येक ठिकाणी दगड किती लांब जाईल ते काढायचं."

पावलोजी सरसावून बसला. "थांब. आमचा दगड घे. समज, अगदी माजलेला दगड आहे आणि इथे तीनशे मीटर गेला. तर चंद्रावर?"

तिने पेन्सिल चालवली. "अठराशे मीटर."

त्याने मनात पावलं केली. "चोवीसशे पावलं! निशाण लावून परत येईस्तोवर मी रिटायर झालो असेन. मंगळावर?"

"सातशे पंच्याण्णव."

"आणि त्या जाड्या गुरूवर?"

"एकशे अठरा मीटर फक्त."

"म्हणजे एकशे सत्तावन्न-अठ्ठावन्न पावलं. गुरूवर नोकरी बघायला हवी," तो म्हणाला, आणि मशीनवरची बायकोसुद्धा हसली.

शेवटचा प्रश्न मात्र कागदावरचा नव्हता. सरांनी घरी करायचा प्रयोग दिला होता: समजा, तुम्ही कुठल्या ग्रहावर आहात हेच तुम्हाला ठाऊक नाही. चेंडू पंचेचाळीस अंशांत उडवा, किती लांब पडला आणि किती वेळ हवेत होता ते मोजा, आणि तुमच्या अंगणातलं गुरुत्व काढा. "गंमत म्हणजे चेंडूचा वेग माहीत नसला तरी चालतं," मुलगी म्हणाली. "अंतराची दुप्पट करायची आणि वेळेच्या वर्गाने भागायचं. नऊ पॉइंट आठच्या आसपास आलं, की समजायचं, पृथ्वीवर आहोत."

घरामागे मोकळं मैदान होतं. बापाने एका फळीला रबरी पट्ट्यांची गलोल ठोकली, फळी कोनमापकाने बरोबर पंचेचाळीसवर टेकवली आणि चेंडू ताणून धरला. मुलगी मोबाईलचं घड्याळ घेऊन उभी राहिली. चेंडू सुटला, वर गेला, खाली आला. दोन पॉइंट एक सेकंद.

"आईचा टेप आणू मोजायला?" तिने विचारलं.

पावलोजीने तिच्याकडे असं बघितलं की बिचारी ओशाळली. "मी इथे उभा असताना? दीड मीटरच्या शिवणटेपने मैदान मोजणार?"

तो चालला. छत्तीस पावलं. छत्तीसला पाऊण म्हणजे सत्तावीस मीटर. मुलीने दुप्पट केली, भागलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सव्वाबारा आलं."

"परत करू."

पाच वेळा केलं. कधी छत्तीस पावलं, कधी पस्तीस, एकदा सदतीस. घड्याळ दोन पॉइंट एकच्या आगेमागे. उत्तर कधी बारा, कधी साडेबारा, पण नऊ-दहाकडे फिरकायलाही तयार नाही.

"आपलं अंगण पृथ्वी आणि गुरूच्या मधल्या कुठल्यातरी ग्रहावर आहे," मुलगी म्हणाली. "सव्वापट येतंय, बाबा. प्रत्येक वेळी सव्वापट."

"तुझं घड्याळ चुकतंय. चेंडू सुटल्यावर तू उशिरा दाबतेस."

"पाव सेकंद चुकायला हवं मग."

"मग चुकतंय पाव सेकंद. अंगठाच तो. सुरुंगाच्या खटक्यावर असता म्हणजे कळलं असतं."

वहीत खाली एक रकाना होता: 'उत्तर चुकले असल्यास संभाव्य कारण.' तिने लिहिलं, 'घड्याळ दाबण्यास उशीर.' लिहिताना तिने एकदा बापाच्या चपलांकडे बघितलं, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्याने ते येऊ दिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला सुरुंग होता. बावीस भोकं, सगळी भरलेली. क्रशरवरची तीसेक माणसं, बाया-बापे, रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली जमत होती. याच बाजूला तीन महिन्यांपूर्वी नवा कडा उघडला होता, तेव्हापासून सुरुंगाच्या वेळी सगळे इथेच बसायचे आणि चहावाली मावशी तीन दगडांची चूल मांडून चहा उकळायची. सगळ्यांचे मोबाईल नेहमीप्रमाणे कचेरीतल्या पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद होते. डिटोनेटरच्या आसपास मोबाईल नको, हा नियम.

तीन बाजूंची निशाणं पावलोजीने सकाळीच मोजून लावून घेतली होती, तिथे पहारेकरी बसले होते. चौथी ही रस्त्याची बाजू राहिली होती. तो भोकापासून निघाला. एक, दोन, तीन.

रस्त्याच्या कडेने विजेचे नवे खांब उभे होते. तारा अजून चढल्या नव्हत्या, बोडके खांब. आठच दिवसांपूर्वी वीजवाल्यांनी ते उभे केले, कड्याच्या पायथ्यापासून थेट क्रशरच्या वळणापर्यंत. पन्नास पन्नास मीटरवर खड्डे मारताना पावलोजी तिथेच उभा होता. पोलादी टेप लावून खुणा केल्या होत्या त्या पोरांनी. पहिला खांब तर त्याच्या शेवटच्या भोकाला अगदी लागून होता.

तो मोजत राहिला. तीनशे नव्वद. तीनशे नव्व्याण्णव. चारशे. झाडापाशी पोचला, निशाणाची काठी जमिनीत खुपसली आणि सवयीने मागे वळून कड्याकडे बघितलं.

तेव्हा त्याने खांब मोजले. मोजायचे म्हणून नव्हे, डोळ्यांनीच मोजले. पहिला सोडून एक, दोन, तीन, चार. पाचवा त्याच्या पाठीमागे होता, झाडाच्या पलीकडे, दहाएक मीटरवर. आणि सहावा त्याच्याही मागे. तीनशे मीटर म्हणजे सहावा खांब.

त्याने पुन्हा मोजले. खांब तेवढेच होते.

वीजवाले चुकले, हा पहिला विचार. अलीकडची पोरं, काय भरवसा. दुसरा विचार आला तो काल संध्याकाळचा. सव्वापट, बाबा. प्रत्येक वेळी सव्वापट. त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला: चार खांबांचे दोनशे, वर चाळीस. दोनशे चाळीस. आणि दोनशे चाळीसची सव्वापट किती? तीनशे.

काल अंगठा चुकला होता, आज खांब चुकले. पाय तेवढे बरोबर. काठी धरून तो तसाच उभा राहिला.

"झालं का हो?" मुकादम मोटरसायकलवरून येऊन थांबला. "आभाळ बघा कसं भरून आलंय. भोकं भरलेली आहेत, वीज चमकायच्या आत उडवा. उशीर नको."

खरंच होतं ते. उत्तरेकडून ढग चढत होते. तारा जोडलेल्या, डिटोनेटर आत, आणि अशात वर वीज कडाडली तर खटका दाबायला माणूस लागत नाही. आता भोकं रिकामी करणं तर त्याहून भयंकर. दोन्ही बाजूंनी गळ्याशी आलं होतं.

"मुकादमसाहेब," पावलोजी म्हणाला, "निशाणं मागे घ्यायला लागतील. चारी बाजूंची."

"का?"

आणि पावलोजी खोटं बोलला. ते सांगायलाच हवं, कारण तो काही संत नव्हता. "आजचा खडक ठिसूळ वाटतोय," तो म्हणाला. "दगड लांब जाईल."

मुकादमाने खिशातला ड्रिलवाल्याचा कागद काढला. "ठिसूळ कुठला? वरपासून खालपर्यंत एकजीव खडक लिहिलाय. तुम्हीच सही केलीत की सकाळी." त्याने आभाळाकडे बघितलं. "पावलोजी, बाहेर अकरा डंपर उभे आहेत. दोन वर्षं झाली तुमच्या अपघाताला, अजून धास्ती गेली नाही का? या दोन वर्षांत या निशाणापर्यंत एक दगड आला का कधी? उगाच घोळ घालू नका. वाजवा भोंगा."

झाडाखाली माणसं बसली होती. कुणी भाकरी सोडत होतं, कुणी पाय लांब करून पडलं होतं. चहावाली मावशी फुंकणीने चूल फुंकत होती. कुणीही याच्याकडे बघत नव्हतं, कारण निशाण लागलं म्हणजे आपण सुरक्षित, हे त्यांना सव्वीस वर्षं ठाऊक होतं. पावलोजीला हेच सहन होईना. त्यांच्यातल्या एकाने जरी संशयाने बघितलं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"खडक चांगला आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मी वाईट आहे. माझं पाऊल आखूड झालंय."

"काय?"

"पाऊल आखूड झालंय माझं. गुडघ्यामुळे. हे खांब बघा. ही जागा तीनशेवर नाही, दोनशे चाळीसवर आहे. चारी निशाणं अशीच असणार, सगळी मीच मोजलीत. आजची, मागची, सगळी."

हे तो जरा मोठ्याने बोलला असावा, कारण भाकरी सोडणारे हात थांबले. मुकादम आधी खांबांकडे, मग त्याच्या गुडघ्याकडे, मग पुन्हा खांबांकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही.

"किती मागे?" त्याने विचारलं.

"शंभर पावलं. माझी नव्हेत, तुमची."

मुकादमाने मोटरसायकल वळवली आणि बाकीच्या तीन निशाणांकडे पळवली. इकडे माणसं उठली, डबे उचलले, कुरकुर केली. मावशीने किटली उचलली, चूल मात्र तशीच जळती सोडली. पावलोजी सगळ्यांना हाकत सहाव्या खांबाच्या पलीकडे घेऊन गेला. लांब कुठेतरी आभाळ गुरगुरलं. एक म्हातारा मागे राहिला होता, त्याची तंबाखूची डबी सापडत नव्हती. पावलोजीने त्याच्या दंडाला धरून त्याला अक्षरशः ओढत नेलं. आपला गुडघा दुखतोय हे त्याला दोन वर्षांत पहिल्यांदा कबूल करावंसं वाटलं, पण आता ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

मुकादम परत आला. त्याने हात वर केला. चारी बाजू मोकळ्या. पावलोजी रस्त्यापलीकडच्या सिमेंटच्या आडोशात शिरला, भोंगा तीनदा वाजवला, आणि खटका दाबला.

कडा उठला, थांबल्यासारखा झाला आणि बसला. धुळीचा लोट वर गेला. मग खडी पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. एकही दगड शंभर मीटरच्या पलीकडे गेला नाही. झाडाखालची चूल तशीच जळत होती.

"बघा," कुणीतरी म्हणालं, "उगाच उठवलं आपल्याला." दोघंचौघं हसले. मुकादमही कसनुसं हसला आणि म्हणाला, "असू द्या. काळजी घेतलेली बरी." पण त्याच्या डोळ्यांत पुढचा महिना आणि धाकटा सुरुंगवाला उभा होता, हे पावलोजीला स्पष्ट दिसलं.

बावीसच्या बावीस भोकं उडाल्याचं बघून तो झाडापाशी परत आला. मावशीने किटली पुन्हा चुलीवर ठेवली होती. ती नीट बसेना म्हणून तिने एक दगड चिमट्याने जरा सरकवला, आणि पावलोजीची नजर त्या दगडावर गेली.

चुलीचे दोन दगड साधे होते, गोलसर, ओढ्यातले. तिसरा काळानिळा, धारदार, दोन मुठींएवढा. त्याच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत गुळगुळीत पन्हळ होती, बोट बसेल अशी. ती पन्हळ खाणीतलं शेंबडं पोरही ओळखेल. ड्रिलच्या भोकाची अर्धी बाजू. असा दगड हाताने फुटत नाही, तो सुरुंगानेच फुटतो.

"मावशी," तो म्हणाला, "हा तिसरा दगड कुठून आणलात?"

"आणायचा कशाला? इथंच होता की. मागच्या महिन्यात सुरुंग झाला ना, त्यानंतर चूल मांडायला आले तर इथंच पडलेला. माझा जुना दगड फुटलाच होता. म्हटलं, देवानंच पाठवला."

"कुठे पडला होता? नक्की?"

मावशीने चिमट्याने जागा दाखवली. झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर. तिथे आत्ता तंबाखूची डबी सापडलेला म्हातारा पाठ टेकून बसला होता.

मुकादमही ऐकत होता. त्याने दगडाकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि तो मोटरसायकलीकडे चालू लागला. चार पावलांवर थांबून म्हणाला, "उद्यापासून टेप घ्या. दोन माणसं देतो बरोबर." तेवढंच. परवान्याचं त्याने नाव काढलं नाही.

पावलोजीने मावशीला ओढ्यातला एक दगड आणून दिला आणि तो तिसरा, गरम दगड ओल्या पोत्यात गुंडाळून घेतला. कचेरीत पत्र्याच्या पेटीतून त्याने मोबाईल काढला. मुलीच्या शाळेतून अकरा फोन येऊन गेले होते. पहिला सव्वाअकराचा. शेवटचा एकला दोन मिनिटं कमी असतानाचा.

घरी पोचायला त्याला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला, कारण आज त्याने गुडघ्याला जसं चालायचं होतं तसं चालू दिलं. मुलगी दारातच बसली होती, गणवेशात, डोळे सुजलेले. तो दिसला तशी ती उठून उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"कुणाला काही...?"

"नाही. कुणाला काही नाही. मागे घेतली निशाणं."

मग मात्र ती हुंदके देऊन रडायला लागली. बायको आतून धावत आली. रडता रडताच मुलीने सांगितलं: सरांनी सकाळी वह्या तपासल्या आणि हिची सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. म्हणाले, अंगठा कधी आधी दाबतो, कधी नंतर. पाच वेळा एकाच बाजूला चुकतं ते घड्याळ नसतं, ती मोजपट्टी असते. "आणि मला कालच वाटलं होतं, बाबा. धुळीत तुमच्या पावलांचे ठसे होते. मी माझी फूटपट्टी लावून बघितली, तुम्ही आत गेल्यावर. साठ सेंटिमीटर. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. निशाणाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, सरांनी सांगेपर्यंत. शाळेच्या कचेरीतून फोन केले, कुणी उचललाच नाही. मग मी..."

"फोन पेटीत असतात, बाळा."

"मला माहीत आहे! माहीत होतं तरी करत होते."

पावलोजी पायरीवर बसला. गुडघा वाकताना त्याने 'आई गं' म्हटलं, मोठ्याने, आणि बायकोने त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षं ती याच दोन शब्दांची वाट बघत असावी. तिने पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"वही आण," तो म्हणाला.

मुलीने वही आणली. त्याने तो रकाना शोधला. "खोड हे."

"राहू द्या ना, बाबा."

"खोड. तुझा अंगठा चुकला नव्हता. लिही, मोजपट्टी चुकली. मोजपट्टी म्हणजे वडिलांचं पाऊल. पाऊण मीटर धरलं होतं, साठ सेंटिमीटर निघालं."

"सगळा वर्ग वाचेल."

"वाचू दे."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मग बायकोने मशीनच्या खणातून शिवणटेप काढला आणि तिघं मैदानात गेले. पाचव्या फेकीच्या दोन्ही खुणा अजून होत्या. बापाला वाकता येईना म्हणून तो एक टोक चपलेखाली दाबून उभा राहिला आणि मुलगी टेप पुढे पुढे नेत राहिली. चौदा टेप आणि वर साठ सेंटिमीटर. एकवीस पॉइंट सहा. तिने तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, दुप्पट केली आणि भागलं.

"नऊ पॉइंट आठ," ती म्हणाली.

"म्हणजे पृथ्वीच."

"पृथ्वीच."

त्याने मान हलवली. उत्तर बरोबर आल्याचा आनंद कुणालाच झाला नाही. पोत्यातला तो पन्हळीचा दगड त्याने पायरीजवळ ठेवला होता. मुलीने विचारलं, "हा कशाला आणलाय?" त्याने तिला सगळं सांगितलं, मावशीची चूल, म्हातारा, बुंध्यापासून दोन हात. मुलीने तो दगड उचलला नाही. पायानेही लोटला नाही.

पुढच्या आठवड्यात खाणीवर तपासणीसाहेब आले. नवे होते, पहिल्यांदाच येत होते. पावलोजी दोन माणसांना घेऊन पोलादी टेप ताणत होता, टेपचं टोक स्वतःच्या हातात. साहेबांनी कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "जुने दिसता. किती वर्षं झाली?"

"सव्वीस," पावलोजी म्हणाला.

मुकादम शेजारी उभा होता. ठरलेलं दुसरं वाक्य आता येणार म्हणून वाट बघत होता. ते आलं नाही, म्हणून साहेबांना बरं वाटावं अशा बेताने त्यानेच सांगून टाकलं, "आणि सव्वीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, साहेब."

"चोवीस," पावलोजी म्हणाला.

"अहो, सव्वीस ना?"

"काम केलं सव्वीस. पण सांभाळलं ते चोवीस. पुढच्या दोन वर्षांत कुणाला लागलं नाही, ते माझ्यामुळे नाही." आणि तो टेपचा आकडा बघायला पुढे गेला.